ब्राउझर कोणाचं मीठ खातो?

लेखमाला : मोबाईलच्या पलीकडे – भाग नववा

भाट्ये इथल्या एका बागायतदार वाचकांच्या प्रश्नाला हा आठवडा द्यायचा आहे. त्यांच्या माडांना गेंड्या भुंगा लागला. नव्या झावळ्या कात्रीने त्रिकोण कापावेत तशा दिसू लागल्या, तेव्हा त्यांनी मोबाईलवर उपाय शोधला. प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र त्यांच्याच गावात आहे, १९५५पासून आहे, म्हणजे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाहूनही जुनं. पण रात्री दहाला केंद्र बंद असतं आणि फोन चालू असतो. त्यांनी दोन-चार पानं वाचली नि झोपले. सकाळपासून जिकडे तिकडे औषधं. बातमी उघडली तर फवारणीचा पंप, मुलीच्या परीक्षेचा निकाल उघडला तर कीटकनाशक, क्रिकेटचा धावफलक उघडला तर खत. ते विचारतात, ‘भुंग्याचं मी घरात बायकोलाही सांगितलं नव्हतं. मग या सगळ्यांना कळलं कसं? आणि असं न करणारा ब्राउझर कुठला?’

घाईत असलेल्यांना उत्तर देऊन मोकळा होतो. अँड्रॉइड फोनवर फायरफॉक्स घ्या, त्यात यूब्लॉक ओरिजिन नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं पूरक, बसवा, आणि अडलेल्या कामांसाठी आधीचा ब्राउझर असू द्या. चहा उकळेपर्यंत होण्याजोगं काम आहे. मात्र ‘कुठला’ हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी नव्याने विचारावा लागतो. ब्राउझर बदलतात, त्यांचे मालक बदलतात, आश्वासनं तर फारच बदलतात. म्हणून नाव पाठ करण्यापेक्षा पारख कशी करायची ते कळलेलं बरं. माझी कसोटी एकच आहे : ही फुकट मिळणारी वस्तू बनवणाऱ्यांचा पगार कोण देतं? ब्राउझर कोणाचं मीठ खातो ते बघा. खाल्ल्या मिठाला तो जागतोच.

आधी बातमी फुटली कुठून ते पाहू. रत्नागिरी शहरातून भाट्याला यायचं तर काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडावा लागतो. पुलाच्या तोंडाशी कोणी दिवसभर बसून राहिलं, तर कुठली गाडी किती वाजता पावसच्या दिशेने गेली नि केव्हा परतली, हे त्याला दिसेल. डिकीत काय होतं ते दिसणार नाही. तुमची मोबाईल कंपनी किंवा वायफाय पुरवणारा त्या पुलावर बसलेला असतो. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असेल तर डिकीला कुलूप असतं. तुम्ही कृषी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर गेलात एवढं त्याला सहसा कळतं. तिथे भुंग्याचं पान वाचलंत की आंब्यावरच्या तुडतुड्याचं, हे कळत नाही.

इन्कॉग्निटो खिडकी उघडल्याने हा पूल चुकत नाही. ती खिडकी बंद केली की फोनमधली भेटींची नोंद आणि कुकी पुसल्या जातात, एवढंच. घरातल्या दुसऱ्या माणसाने फोन हातात घेतला तर त्याच्यापासून ती लपवते. ज्या संकेतस्थळावर गेलात त्याच्यापासून काहीही लपवत नाही. हा गैरसमज इतका पक्का रुजलेला की अमेरिकेत २०२० साली त्यावरून गूगलवर सामूहिक दावा दाखल झाला. २०२४च्या एप्रिलमध्ये तडजोडीची कागदपत्रं न्यायालयात आली आणि अशा वावराच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायला गूगल तयार झालं. त्याच वर्षी इन्कॉग्निटोच्या पहिल्या पानावरची सूचनाही त्यांनी जास्त स्पष्ट केली. तोवर जगभरातल्या किती लोकांनी काय काय समजून ती काळी खिडकी उघडली असेल, देव जाणे.

पण आपल्या वाचकांचं गुपित पुलावरच्या माणसाने फोडलेलं नाही. ते फोडलं पानांमधल्या बिनबोलावल्या पाहुण्यांनी. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी कुकी नावाची सोय काढली. संकेतस्थळाने तुमच्या ब्राउझरमध्ये एक छोटी चिठ्ठी ठेवायची, पुढच्या वेळी ती बघून तुम्हाला ओळखायचं. खरेदीची टोपली लक्षात राहावी, पुन्हा पुन्हा पासवर्ड घालावा लागू नये, यासाठी ही गोष्ट हवीच. गोम पुढेच आहे. तुम्हाला एक सलग दिसणारं पान खरं तर ठिकठिकाणचे तुकडे जोडून तयार होतं. मजकूर एकाचा, जाहिरात दुसऱ्याची, वाचक मोजणारं यंत्र तिसऱ्याचं, ‘लाइक’चं बटण चौथ्याचं. या प्रत्येकाला आपापली कुकी ठेवता येऊ लागली. जाहिरात पुरवणारी एकच कंपनी हजारो संकेतस्थळांवर हजर असते. भुंग्याच्या पानावर तिने तुम्हाला एक क्रमांक दिला, आणि निकालाच्या पानावर तो क्रमांक ओळखला. तुमचं नाव तिला ठाऊक नसलं तरी अडत नाही. माड असलेला, भुंग्याने हैराण झालेला, रत्नागिरीकडचा माणूस, इतकं तिला विकायला पुरतं.

या धंद्यातली एक बडी कंपनी होती डबलक्लिक. ती गूगलने ३.१ अब्ज डॉलरला विकत घेतली. व्यवहार पुरा झाला मार्च २००८ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरात क्रोम बाजारात आला. क्रोम वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. तो आला तेव्हा इतर ब्राउझर रखडत होते आणि हा पळत होता. भोकं बुजवण्यात, घातक संकेतस्थळांपासून सावध करण्यात तो आजही पुढे आहे. पण त्याचं मीठ जाहिरातीचं आहे, आणि जिथे वाचकाचं हित नि जाहिरातीचं हित आमनेसामने येतं तिथे ते दिसून येतं. ॲपलच्या सफारीने २०१७ पासून या तिऱ्हाइतांच्या कुकींना लगाम घातला आणि मार्च २०२० पर्यंत त्या पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ पासून माहितीतल्या ट्रॅकरांना, म्हणजे मागावर राहणाऱ्या या पाहुण्यांना, आपसूक अडवायला सुरुवात केली आणि जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या. क्रोमने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं, दोन वर्षांत आम्हीही बंद करू. मग मुदत वाढली. पुन्हा वाढली. जुलै २०२४ मध्ये सांगितलं की बंद नाही करणार, वापरणाऱ्याला विचारू. एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की वेगळं विचारणारही नाही. सगळ्या जाहिरात व्यवसायाची घडी बसवायची होती, ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाचे आक्षेप होते, अशी कारणं त्यामागे होती आणि त्यातली काही खरीही होती. तरी हिशेब करा : सफारीला नि फायरफॉक्सला जे जमलं ते जगातल्या सर्वांत श्रीमंत अभियंत्यांच्या फौजेला पाच वर्षांत जमलं नाही.

त्याच सुमाराला दुसरी गोष्ट घडली, जिचा गाजावाजा कमी झाला. एक्स्टेन्शनचे नियम बदलून क्रोमने २०२४ आणि २०२५ मध्ये यूब्लॉक ओरिजिन हे रेमंड हिल यांनी बनवलेलं, जाहिराती नि ट्रॅकर अडवणारं फुकट एक्स्टेन्शन बंद पाडलं. त्याची हलकी आवृत्ती क्रोमवर चालते, पण तिची ताकद कमी. आणि हे सगळं संगणकाचं झालं. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन मुळातच घेता येत नाहीत. फायरफॉक्समध्ये येतात. आपल्याकडे बहुतेकांचा संगणक म्हणजे मोबाईलच, त्यामुळे माझ्या लेखी निवड इथेच निम्मी झाली.

मग फायरफॉक्स धुतल्या तांदळासारखा का? नाही. फायरफॉक्सच्या मागे मोझिला ही ना-नफा संस्था आहे, पण पैसा आकाशातून पडत नाही. अमेरिकेतल्या गूगलविरुद्धच्या मक्तेदारीच्या खटल्यात मोझिलाच्या वित्तप्रमुखांनी मे २०२५ मध्ये साक्ष दिली की त्यांच्या कंपनीचं सुमारे ९० टक्के उत्पन्न फायरफॉक्समधून येतं आणि त्यातलं ८५ टक्क्यांच्या आसपास गूगलकडून. कशाबद्दल? शोधपट्टीत पहिलं नाव गूगलचं ठेवण्याबद्दल. याच कारणासाठी ॲपलला २०२२ साली गूगलने २० अब्ज डॉलर मोजल्याचं त्याच खटल्यात उघड झालं. ज्या न्यायाधीशांनी गूगलची शोधक्षेत्रातली मक्तेदारी बेकायदा ठरवली, ते अमित मेहता. सप्टेंबर २०२५च्या आदेशात त्यांनी क्रोम विकायला लावलं नाही आणि असे पैसे देण्यावरही सरसकट बंदी घातली नाही. बंदी घातली तर मोझिलासारखे छोटेच आधी मरतील, हा मुद्दा तिथे बराच चर्चिला गेला होता. म्हणजे मीठ शेवटी त्याच मिठागरातलं. फरक असा की मोझिलाला पैसे शोधपट्टीतल्या जागेचे मिळतात, तुमच्या मागावर राहण्याचे नाहीत. आणि शोधपट्टीतलं नाव तुम्ही अर्ध्या मिनिटात बदलू शकता.

मोझिलाचंही पाऊल घसरतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी वापराच्या नव्या अटी आणल्या आणि ‘तुमची माहिती आम्ही कधीच विकणार नाही’ अशा अर्थाचं जुनं आश्वासन काढून टाकलं. ओरड झाली. मग खुलासा आला, की काही ठिकाणच्या कायद्यांत ‘विक्री’ची व्याख्याच फार रुंद आहे. खुलासा खोटा नसावा. पण सरळ बोलणारा माणूस अचानक वकिलाला विचारून बोलू लागला की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते, तशी माझ्याही पडली. फायरफॉक्स मी तरीही सुचवतो. फक्त डोळे झाकून नव्हे.

आता आपल्या देशातली गोष्ट, कारण या विषयातला सर्वांत मोठा धडा आपण भारतात गिरवला आणि बहुतेकांना तो धडा होता हेही कळलं नाही. यूसी ब्राउझर आठवतो? खारीसारख्या प्राण्याचं चित्र असलेला, नारिंगी रंगाचा. २०१७च्या आसपास भारतातल्या मोबाईलवर तो क्रोमच्याही पुढे होता. कारण सोपं होतं. इंटरनेट महाग होतं, फोनमध्ये जागा नव्हती, कोकणात डोंगराआड गेलं की रेंज जात होती, आणि हा ब्राउझर पानं आपल्या सर्व्हरवर आधी दाबून लहान करायचा नि मग फोनवर पाठवायचा. डेटा वाचायचा, व्हिडिओ उतरवता यायचे. दुकानदारच फोन विकताना तो टाकून द्यायचा. पण पान लहान करून देणारा ते पान आधी वाचतो, ही त्यातली किंमत होती. कंपनीची मालकी २०१४ पासून अलीबाबा या चिनी उद्योगसमूहाकडे होती.

मे २०१५ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅब या गटाने या ब्राउझरची चिरफाड करून अहवाल काढला. चिनी आवृत्ती फोनचा आयएमईआय क्रमांक, सिमची ओळख, जवळच्या वायफायचे तपशील अशा गोष्टी कुलुपाविना किंवा सहज उघडेल अशा कुलपाने बाहेर पाठवत होती. इंग्रजी आवृत्तीतही शोधपट्टीत टाइप केलेले शब्द उघड्यावरून जात होते. हा तपास सुरू होण्याचं निमित्त त्याहून रंजक आहे : एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांत अशी नोंद होती, की पाश्चात्त्य देशांच्या हेरखात्यांना ही गळती आधीच सापडली होती. त्यांनी ती कंपनीला कळवली नाही, वापरली. गळक्या ब्राउझरचा हाच धोका. माहिती ज्याने गोळा केली त्याच्याचकडे राहते असं नाही.

त्या अहवालानंतर भारतात यूसी सोडणारे किती होते? अहवालामुळे वापर काही थांबला नाही. तो थांबला २९ जून २०२० रोजी. गलवानच्या चकमकीनंतर केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉकच्या जोडीला यूसी ब्राउझरही होता. टिकटॉकसाठी लोक हळहळले. यूसीसाठी कोणी डोळे पुसले नाहीत, कारण तोवर, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर, डेटा स्वस्त झाला होता आणि क्रोम फोनमध्ये आयता होता. एका मालकाच्या हातातून दुसऱ्या मालकाच्या हातात आपण गेलो, तेही स्वतः निवड न करता. मला यातली ही गोष्ट सर्वांत खटकते.

‘मग स्वदेशी ब्राउझर घ्यावा का?’ हा प्रश्न ओघानेच येतो. प्रयत्न जुने आहेत. बंगळुरूच्या एका कंपनीने २०१० साली एपिक नावाचा ब्राउझर काढला, भारतीय भाषांत लिहिण्याच्या सोयीसह; २०१३ पासून तो खासगीपणावर भर देणारा झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने भारतीय ब्राउझरची स्पर्धा जाहीर केली. तिचं कामकाज सी-डॅकच्या बंगळुरू केंद्राने पाहिलं. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला आणि पहिलं एक कोटी रुपयांचं बक्षीस झोहोच्या संघाला मिळालं. त्यांचा उला हा ब्राउझर त्याआधीपासून मिळत होता.

या स्पर्धेमागचा हेतू नीट समजून घेण्यासारखा आहे. पत्त्याशेजारी कुलपाची खूण दिसते ती कोणाच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवून, हे ब्राउझर किंवा त्याखालची प्रणाली ठरवते. जुलै २०१४ मध्ये आपल्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या नावाची बोगस प्रमाणपत्रं निघाल्याचं गूगलच्या ध्यानात आलं. भारतीय प्रमाणपत्र नियंत्रकांचं मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या यादीत होतं, म्हणून विंडोजवरच्या काही ब्राउझरांना धोका होता. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र, त्यात ते नव्हतंच, म्हणून तो सुटला. बहुतेक परदेशी ब्राउझर या नियंत्रकांच्या मूळ प्रमाणपत्राला जागा देत नाहीत, आणि ती जागा असलेला ब्राउझर हवा, ही स्पर्धेची एक प्रमुख अट होती. सरकारच्या दृष्टीने ती सार्वभौमत्वाची बाब आहे आणि मला ती समजते. पण भाट्यातल्या माणसाच्या मागावरचे जाहिरातदार हा त्याहून वेगळा प्रश्न आहे. दोन्हींची सरमिसळ केली की ‘स्वदेशी म्हणजे खासगी’ असा चुकीचा हिशेब निघतो.

उलाला माझ्या कसोटीवर लावलं तर तो बरा उतरतो : झोहोचं पोट कंपन्यांना विकलेल्या सॉफ्टवेअरवर भरतं, जाहिरातीवर नाही. उणीव इतकीच की त्याचं इंजिन, म्हणजे पान उभं करणारी आतली यंत्रणा, क्रोमचंच आहे. एज, ब्रेव्ह, ओपेरा, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट, सगळे त्याच इंजिनावर. नावं पन्नास असली तरी जगात रोजच्या वापरातली मोठी इंजिनं तीन : गूगलचं, ॲपलचं नि मोझिलाचं. एक्स्टेन्शनचा नियम गूगलने बदलला की त्या इंजिनावरच्या बाकीच्यांना आज ना उद्या त्याच्या मागे जावं लागतं, नाहीतर स्वखर्चाने उलट्या प्रवाहात पोहावं लागतं.

ब्रेव्ह तसं पोहतो. जावास्क्रिप्टचे जनक ब्रेंडन आइक यांचा हा ब्राउझर. जाहिराती अडवणं त्यात जन्मजात आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. ज्यांना एक्स्टेन्शनची भानगड नको त्यांनी तो खुशाल घ्यावा. मात्र त्याचं मीठ स्वतःच्या जाहिराती नि क्रिप्टो चलन यांतून येतं, आणि जून २०२० मध्ये पत्त्याच्या पट्टीत काही क्रिप्टो कंपन्यांचा पत्ता पूर्ण करताना गुपचूप आपला कमिशनचा कोड जोडताना तो पकडला गेला होता. संस्थापकांनी चूक मान्य करून ते बंद केलं. डकडकगोच्या ब्राउझरबाबतही मे २०२२ मध्ये एका संशोधकाने दाखवून दिलं, की मायक्रोसॉफ्टच्या काही ट्रॅकरांना तो करारामुळे सोडत होता. ऑगस्टमध्ये तेही अडवले जाऊ लागले. दोघांच्याही चुका उजेडात आल्या त्या बाहेरच्या माणसांनी बारकाईने पाहिल्यामुळे. ज्याच्याबद्दल कोणीच कधी तक्रार केलेली नाही असा ब्राउझर मला जास्त संशयास्पद वाटतो. त्याच्याकडे बहुधा कोणी बघितलेलंच नसतं.

टोरचं नाव अनेकजण घेतात. तीन मुक्काम बदलत जाणारा, कोण कुठून आलं ते लपवणारा हा ब्राउझर शोधपत्रकारांसाठी, धोक्यात असलेल्या माणसांसाठी अमोल आहे. तो धिमा असतो, पुष्कळ संकेतस्थळं त्याला दारातच अडवतात. नारळाची रोपं शोधायला टोर लागत नाही.

कुकी अडवल्या म्हणजे सुटलो असं नाही. ब्राउझर प्रत्येक पानाला पडद्याचा आकार, घड्याळाचा प्रदेश, भाषा, चित्रं रंगवण्याची पद्धत असं बरंच सांगत असतो, आणि या सगळ्यांची गोळाबेरीज म्हणजे बोटाच्या ठशासारखी ओळख. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० साली तपासलं तेव्हा ८३.६ टक्के ब्राउझरांचा ठसा त्या संचात एकमेव निघाला. पुढे २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी एका मोठ्या संकेतस्थळावरचे वीस लाखांहून अधिक ठसे पाहिले, तेव्हा एकमेव निघाले एक तृतीयांश. मोबाईलचे तर त्याहूनही कमी, कारण एकाच मॉडेलचे लाखो फोन एकसारखे दिसतात.

मराठी माणसाची यात एक खास पंचाईत आहे. तुम्ही ब्राउझर मराठीत ठेवला असेल, तर तो प्रत्येक संकेतस्थळाला ‘मला आधी मराठी द्या’ असं सांगतो. मराठी बोलणारे कोट्यवधी, पण ब्राउझरला तसं सांगणारे थोडे. इंग्रजी ठेवणाऱ्यांच्या जत्रेत तुम्ही लगेच उठून दिसता. संगणकाचं विचाराल तर आणखी मजा. रत्नागिरीतल्या कुठल्याही डीटीपीवाल्याच्या संगणकात श्रीलिपीचे डझनावारी फाँट बसवलेले असतात. पान त्या फाँटांत अक्षर मांडून त्याची रुंदी मोजतं आणि फाँट आहे की नाही ते ओळखतं. लग्नपत्रिका छापायला घेतलेले फाँट तुमची ओळखपरेड करतात! टोर याच कारणासाठी पानं इंग्रजीत मागवू का म्हणून विचारतो. फायरफॉक्समध्ये ट्रॅकिंग संरक्षणाची ‘स्ट्रिक्ट’ पातळी ठेवली की बाहेरून बसवलेले फाँट पानांना दिसेनासे होतात. भाषेचं मात्र मी काही लपवणार नाही. मराठी मागणारे कमी दिसले तर मराठी देणारेही कमी होतात. त्यापुढे जाहिरातवाल्याला मी थोडा जास्त ओळखू आलो तर येऊ दे.

आता ज्या प्रकाराने ब्राउझर निवडण्याचे सगळे हिशेब काही काळ उलटेपालटे झाले, तो सांगतो. ३ जून २०२५ रोजी युरोपातल्या संशोधकांनी जाहीर केलं, की अँड्रॉइडवरची फेसबुक आणि इन्स्टाग्राम ही ॲप फोनच्या आतल्या आत एक दार उघडून ऐकत बसतात. तुम्ही ब्राउझरमध्ये एखादं संकेतस्थळ उघडता, त्यात मेटाचा, म्हणजे या ॲपच्या मालक कंपनीचा, अदृश्य मोजणी-तुकडा असतो, तो तुकडा कुकीतला क्रमांक त्या आतल्या दारातून ॲपला देतो, आणि ॲपला तर तुमचं नाव-गाव ठाऊक असतंच. इन्कॉग्निटो असो, कुकी पुसलेल्या असोत, काही उपयोग नाही. मेटाकडून हे सप्टेंबर २०२४ पासून चालू होतं. रशियाच्या यांडेक्सने असंच २०१७ पासून चालवलं होतं. क्रोमसह बहुतेक ब्राउझर फसले. ब्रेव्ह फसला नाही, कारण पानांना फोनच्या आतली दारं ठोठावायला तो आधीपासूनच मनाई करत होता. जाहीर झालं त्याच दिवशी मेटाने प्रकार थांबवला. इतक्या तत्परतेने थांबवता येण्यासारखी गोष्ट सुरू कशाला केली होती, हे विचारायला हरकत नव्हती.

म्हणून ब्राउझरबरोबर ॲपही मोजा. फेसबुक नि इन्स्टाग्राम रोज लागत नसतील तर ॲप काढून ब्राउझरमधूनच वापरा. त्या ॲपमध्ये एखाद्या दुव्यावर बोट ठेवलं की पान तुमच्या ब्राउझरमध्ये उघडत नाही, ॲपच्या पोटातच उघडतं. तिथे ती ॲप पानात स्वतःचा कोड घुसवतात हे फेलिक्स क्राउझ या अभियंत्याने २०२२ मध्ये दाखवलं होतं. कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून पान बाहेर, आपल्या ब्राउझरमध्ये उघडण्याची सवय लावा. व्हॉट्सॲपवरचे दुवे फोनच्या मुख्य ब्राउझरमध्ये जातात, तेव्हा फायरफॉक्स नुसता बसवून भागणार नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिफॉल्ट ॲप’खाली त्याला मुख्य करावं लागेल. फायरफॉक्सच्या आतही एकदा फेरी मारा : ट्रॅकिंग संरक्षण ‘स्ट्रिक्ट’, शोधयंत्र हवं तर डकडकगो, आणि वापराची माहिती मोझिलाला पाठवणारे खटके बंद.

काही पानं मोडतील. एखाद्या सरकारी संकेतस्थळाची नवी खिडकी उघडणार नाही, बँकेचं पान गोल फिरत बसेल. पत्त्याशेजारच्या ढालीवर बोट ठेवून त्या एका संकेतस्थळापुरतं संरक्षण बंद करता येतं. तेवढ्यानेही भागलं नाही तर सातबारा जुन्या ब्राउझरमध्ये काढा नि पुन्हा इकडे या. दोन ब्राउझर ठेवण्यात कमीपणा नाही. फायदाही लगेच दिसतो : पावसाळ्यात रेंज कातरकातर असताना जाहिरातींचा बोजा उतरलेली पानं भराभर उघडतात. खासगीपणाचं महत्त्व न पटलेल्या माझ्या कित्येक मित्रांना एवढ्या एका गोष्टीने पटवलं आहे.

त्याच ढालीवर बोट ठेवलं की त्या पानाने कोणाकोणाला आत घेण्याचा प्रयत्न केला त्यांची यादी दिसते. आपल्या आवडत्या मराठी दैनिकाच्या पानावर हे एकदा करून बघा. इथे मी अडचणीत येतो, कारण छापून येणाऱ्या मजकुराचं पोट जाहिरातीवर भरतं आणि तुम्ही हे वाचताय त्यातही त्या पैशाचा वाटा आहे. जाहिरात अडवावी का? माझं मत : जाहिरातीला माझी ना नाही, पाळतीला आहे. वर्तमानपत्रात पूर्वी गेंड्या भुंग्याच्या औषधाची जाहिरात यायची ती सगळ्यांना सारखीच दिसायची, आणि ती कोणी किती वेळ पाहिली हे कोणी मोजत नव्हतं. ज्या दैनिकाशिवाय तुमची सकाळ होत नाही त्याची वर्गणी भरा आणि मग ट्रॅकर निर्धास्त अडवा.

कायदा कुठे आहे? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यातलं मुख्य निकालपत्र लिहिताना न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीच्या काळातला, स्वतःचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड ज्यात सहभागी होते तो १९७६चा निर्णय चुकीचा ठरवला. त्यानंतर वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा यायला २०२३ उजाडलं, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने आहेत. त्यातलं एक कलम पालकांनी ध्यानात ठेवावं : अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वावरावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला या कायद्यात मनाई आहे, सरकारने दिलेल्या सवलती वगळून. मुलांच्या फोनवर ब्राउझर बदलायला मात्र त्या मुदतीची वाट बघायचं कारण नाही.

आयफोनवाल्यांचं थोडक्यात. आपल्याकडे आयफोनवरचा प्रत्येक ब्राउझर आतून ॲपलच्याच इंजिनावर चालतो, त्यामुळे तिथे फायरफॉक्स घेऊन फारसं हाती लागत नाही. सफारीच ठेवा आणि त्याला जाहिराती अडवणारं एखादं विश्वासू ॲप जोडा. ॲपलचं मीठ मुख्यतः फोनच्या किमतीतून येतं, ती तुम्ही आधीच भरली आहे. आणि हापूसच्या हंगामात विचारणा होते म्हणून सांगतो : यातला कुठलाही ब्राउझर खोट्या आंबेवाल्यापासून वाचवणार नाही. कुलपाची खूण भामट्याच्या संकेतस्थळावरही असते. तुमचं बोलणं वाटेत कोणी ऐकत नाही एवढंच ती सांगते, समोरचा माणूस सज्जन आहे असं नाही.

पुलावर बसलेल्या माणसाचा बंदोबस्त ब्राउझर बदलून होत नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेल. त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाचा एक खटका असतो. त्याचा उपयोग किती, आणि व्हीपीएन विकणाऱ्यांच्या जाहिरातींत थापा किती, ते पुढच्या आठवड्यात.